सोनं सापडलं तर गोंदियाच्या पोरांना नोकऱ्या लागतील का? देशातल्या सोन्याच्या खाणी आणि रोजगाराचं खरं गणित

एप्रिल २०२५ मध्ये सोन्याने १० ग्रॅमला एक लाखाचा आकडा पहिल्यांदा ओलांडला. तेव्हापासून मोबाईलवर दोन प्रकारच्या गोष्टी फिरायला लागल्या. पहिली म्हणजे भावाचे मीम्स. दुसरी म्हणजे "विदर्भात सोन्याची खाण, हजारो जागांची भरती" असे फॉरवर्ड आणि रील्स.

पहिल्या गोष्टीवर हसून पुढे जाता येतं. दुसरीवर मात्र लोक विश्वास ठेवतात. गोंदिया शहराला चिकटून असलेल्या कुडव्यासारख्या गावात तर जास्तच. कारण इथली परिस्थिती साधी आहे. जिल्हा धानाचा, त्यामुळे काम हंगामी. राईस मिलमध्ये हमाली आणि मशीनवरच्या जागा मोजक्या. उन्हाळ्यात गावागावांत तेंदूपत्ता. आयटीआय किंवा पदवी झाली की पोरं नागपूर, रायपूर नाहीतर थेट पुणे, हैदराबाद गाठतात. अशा वेळी "आपल्याच भागात सोनं निघणार" हे वाक्य कानावर पडलं की माणूस थांबतोच.

मग विषय नीट समजून घेऊ. भारतात सोन्याच्या खाणी किती, त्यात माणसं किती, हा आकडा वाढतोय की कमी होतोय, आणि उद्या विदर्भात खरंच खाण सुरू झाली तर कुडव्याच्या पोराला त्यात काय मिळेल?

आपण सोनं विकत किती घेतो आणि काढतो किती?

भारत वर्षाला साधारण ७०० ते ८०० टन सोनं वापरतो. आणि देशातल्या खाणींमधून निघतं किती? दीड टनाच्या आसपास. म्हणजे आपल्या अंगावरच्या प्रत्येक हजार ग्रॅम सोन्यातलं जेमतेम दोन ग्रॅम देशातल्या जमिनीतून आलेलं. बाकीचं आयात केलेलं, नाहीतर जुने दागिने वितळवून पुन्हा बाजारात आलेलं.

आता तुम्ही म्हणाल, जमिनीत सोनं नाहीच का? आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात सोन्याचं सुमारे ५० कोटी १८ लाख टन खनिज आहे आणि त्यात मूळ सोनं आहे ६५४.७४ टन. यातला सगळ्यात मोठा वाटा, ४४ टक्के खनिज, एकट्या बिहारमध्ये आहे.

५० कोटी टन ऐकायला प्रचंड वाटतं. पण भागाकार करून बघा. एक टन दगड फोडला तर सरासरी सव्वा ते दीड ग्रॅम सोनं मिळतं. शिवाय देशातलं हे सगळं सोनं उद्या सकाळी बाहेर काढलं, तरी ते आपल्या एका वर्षाच्या मागणीलाही पुरणार नाही.

ज्या खडकात टनाला तीन ग्रॅम सोनं आहे तो खडक चांगला समजतात. तरी एका तोळ्यासाठी तीन टनांपेक्षा जास्त दगड खोलातून वर आणायचा, पिठासारखा दळायचा आणि सायनाइडच्या द्रावणातून सोनं वेगळं करायचं. हा खर्च झेपला तरच खाण चालते. सोन्याच्या खाणीतल्या नोकऱ्यांचं गणित इथूनच सुरू होतं.

सोनभद्रचा किस्सा आठवतोय?

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टन सोनं सापडल्याची बातमी आली. टीव्हीवर दोन दिवस दुसरं काही चालू नव्हतं. देश श्रीमंत होणार, बेरोजगारी संपणार, वगैरे वगैरे.

मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने, म्हणजे जीएसआयने खुलासा केला. तिथे अंदाजे ५२,८०६ टन खनिज आहे, टनाला ३.०३ ग्रॅम सोनं आहे, आणि सगळं मिळून सोनं भरतं १६० किलोच्या आसपास.

म्हणजे दिवसाला हजार टन दगड दळणारा एखादा कारखाना तिथे बसवला असता, तर दोन महिन्यांच्या आत सगळा माल संपला असता. मग नोकऱ्या किती दिवसांच्या? त्यामुळे "सोनं सापडलं" ही बातमी वाचल्यावर "किती टन" एवढं विचारून भागत नाही. किती टन खनिज, टनाला किती ग्रॅम आणि ते किती वर्षं पुरेल, हे तिन्ही आकडे कळले तरच रोजगाराचा अंदाज येतो.

या भागातले सोन्याचे सगळ्यात जुने कामगार

गोंदिया पट्ट्याचं सोन्याशी नातं रील्स येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. वैनगंगेच्या वरच्या अंगाला, बालाघाट आणि मंडलाच्या बाजूला, नद्यांच्या पात्रातली वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारा एक छोटा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. त्यांना सोनझारी म्हणतात. इंग्रज अधिकारी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो ग्रंथ छापला, त्यात या समाजाची स्वतंत्र नोंद आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही गोंड जमातीच्या नोंदीत "सोनझारी झरेका" हे नाव सापडतं.

त्यांचं तंत्र सोपं दिसतं, पण हात बसायला वर्षं जातात. सोनं वाळूपेक्षा सुमारे सातपट जड असतं. काथवटीसारख्या पसरट लाकडी पात्रात वाळू घेऊन पाण्यात गोल फिरवत राहायचं. हलकी वाळू काठावरून वाहून जाते, काळी जड रेती खाली राहते आणि त्या रेतीत, नशीब असेल तर, एखाद-दुसरा पिवळा कण चमकतो.

नद्यांमधलं काम कमी झालं तसं या कौशल्याला शहरात दुसरी जागा मिळाली. सराफ्यातली धूळ, भट्टीची राख आणि दुकानासमोरच्या नालीतला गाळ धुऊन त्यातलं सोनं वेगळं करणारे लोक जवळपास प्रत्येक मोठ्या सराफा बाजारात असतात. मराठीत अशा माणसाला झारेकरी हा जुना शब्द आहे. दुकान उघडायच्या आधी पहाटे ते रस्ता झाडताना दिसतात.

आता मुद्दा रोजगाराचा. खाणीतला कामगार मोजला जातो. त्याला हजेरी असते, अपघात झाला तर भरपाईचा कायदा असतो. नदीत किंवा नालीत सोनं धुणारा माणूस मात्र सोन्याच्या उद्योगातला कामगार म्हणून कुठल्याच हिशोबात येत नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये गौण वनोपजावर हक्क दिलाय, पण त्याची व्याख्या वनस्पतीपासून मिळणाऱ्या वस्तूंपुरती आहे. तेंदूपत्ता त्यात येतो, मोह येतो, बांबू येतो. नदीतला सोन्याचा कण येत नाही, कारण तो खनिज. आणि खनिज म्हटलं की परवाना, लिलाव, कंपनी. जंगलातलं पान तोडणाऱ्याला कायद्याने जो आधार मिळाला, तो सोनझाऱ्याच्या वाट्याला आलाच नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. जगभरात दीड-दोन कोटी लोक हाताने किंवा छोट्या यंत्रांनी सोनं काढून पोट भरतात असा अंदाज आहे. यात बायका आणि मुलंही आहेत. अनेक देशांत हे लोक सोनं वेगळं करायला पारा वापरतात. पारा सोन्याला चिकटतो, मग तो गोळा तापवला की पाऱ्याची वाफ उडते आणि सोनं उरतं. ती वाफ थेट फुप्फुसात आणि मेंदूवर जाते. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला, तेव्हा छोट्या सोनेकामाचा त्यात मुद्दाम विचार केला गेला.

केजीएफ: तीस हजारांवरून शून्यावर

सिनेमामुळे केजीएफ हे नाव सगळ्यांना पाठ झालं. पण कोलार गोल्ड फील्ड्सची खरी गोष्ट रोजगाराची आहे.

कर्नाटकातल्या कोलारमध्ये १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने आधुनिक खाणकाम सुरू केलं. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून तिथे वीज आली. देशातली मोठमोठी शहरं कंदिलावर होती तेव्हा खाणीत दिवे लागले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खाणींत तीस हजारांहून जास्त माणसं कामाला होती. त्यातली बहुतेक तमिळ भागातून आलेली, मोठ्या संख्येने दलित कुटुंबांतली. गावात जमीन नव्हती, खाणीत पगार होता. म्हणून ती आली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली.

खाण खोल होत गेली. चॅम्पियन रीफ तीन किलोमीटरच्या खाली पोहोचली. तिथे खडकच तापलेला असतो आणि वरच्या वजनाने तो अचानक फुटतो. अशा स्फोटांत कितीतरी कामगार गेले. वाचले त्यातल्या अनेकांच्या छातीत दगडाची धूळ बसली. सिलिकोसिस नावाच्या या आजारावर बरा करणारा इलाज आजही नाही.

दुसरीकडे सोनं पातळ होत गेलं. सुरुवातीच्या काळात टनाला चाळीस ग्रॅमच्या वर सोनं मिळायचं, शेवटी ते पाच ग्रॅमच्याही खाली आलं. १९५६ मध्ये खाणी सरकारकडे गेल्या, १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही केंद्राची कंपनी झाली. तोटा वाढत गेला, माणसं कमी होत गेली आणि २८ फेब्रुवारी २००१ ला टाळं लागलं. तेव्हा उरलेल्या साडेतीन हजारांच्या आसपास कामगारांचं काम गेलं. एकशे वीस वर्षांत या जमिनीने आठशे टनांवर सोनं दिलं होतं.

त्यानंतर काय झालं? केजीएफ हे खाणीसाठी वसवलेलं गाव. दुसरा धंदा नव्हताच. त्यामुळे हजारो लोक पहाटेची ट्रेन पकडून शंभर किलोमीटरवरच्या बेंगळुरूला जाऊ लागले. कुणी सिक्युरिटी गार्ड, कुणी कारखान्यात हेल्पर. रात्री परत. हा रोजचा प्रवास आजही थांबलेला नाही. गावाला लागून सायनाइड लावून उरलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत, वारा सुटला की त्याची धूळ घरात येते. त्या मातीत अजूनही थोडं सोनं आहे. म्हणून हे ढिगारे पुन्हा प्रक्रियेला घेण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये संमती दिली. पण ढिगारा उपसायला पोकलेन, डंपर आणि एक प्रक्रिया कारखाना लागतो. तीस हजार माणसं लागत नाहीत.

आज सोन्याच्या खाणीत नोकरी आहे कुठे?

सध्या देशातलं जवळपास सगळं खाणीतलं सोनं एकाच कंपनीकडून येतं. हट्टी गोल्ड माइन्स, जिल्हा रायचूर, मालक कर्नाटक सरकार. हा भाग १९५६ पर्यंत आपल्या मराठवाड्यासोबत हैदराबाद संस्थानात, मग हैदराबाद राज्यात होता आणि ही कंपनी १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स म्हणूनच सुरू झाली. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खोदकामाच्या खुणाही सापडल्यात.

हट्टीत चार हजारांच्या आसपास लोक काम करतात आणि वर्षाला दीड टनाच्या आसपास सोनं निघतं. म्हणजे माणशी वर्षाला चारशे ग्रॅमच्या जवळपास. १० ग्रॅमला एक लाखाच्या हिशोबाने हे चाळीस लाखांचं सोनं झालं. त्यातून पगार, वीज, स्फोटकं, रसायनं, यंत्रं, खोल शाफ्टची देखभाल, सगळं भागवायचं. आज भाव चढा आहे म्हणून जमतं. भाव पडला की पहिला प्रश्न माणसांच्या संख्येचाच येतो.

नवीन खाणींचं काय? आंध्र प्रदेशात कर्नूल जिल्ह्यातल्या जोन्नागिरीला खासगी कंपनीने खाण उभी केली आहे. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये सोनाखानचा बाघमारा ब्लॉक २०१६ मध्ये लिलावात गेला. सोन्याच्या खाणीचा देशातला तो पहिला लिलाव. पण लिलाव झाला म्हणजे दुसऱ्या वर्षी भरती निघते असं होत नाही. अन्वेषण, परवानग्या, जमीन, वनखात्याची मंजुरी, यात वर्षं जातात.

आणि नवीन खाण सुरू झाली की ती आधुनिक असते. पूर्वी जिथे दहा माणसं पहार आणि घण घेऊन भिडायची, तिथे आता एक ऑपरेटर ड्रिलिंग मशीन चालवतो. कामाचं स्वरूप बदललंय. कमी माणसं, जास्त कौशल्य. बिनकौशल्याची जी कामं उरतात, म्हणजे साफसफाई, चढ-उतार, पहारा, वाहतूक, ती बहुतेक कंत्राटदाराकडे जातात.

बायकांच्या बाबतीत तर दारच बंद होतं. खाण कायदा १९५२ नुसार महिलांना जमिनीखालच्या कामावर घ्यायला मनाई होती. २०१९ च्या सुरुवातीला केंद्राने यात सूट दिली, पण भूमिगत खाणीत ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांपुरती. म्हणजे तेव्हा मायनिंग इंजिनीअर किंवा भूवैज्ञानिक मुलीला रस्ता खुला झाला, मजूर बाईला नव्हता.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. भारतात सोन्याने पोट भरणारे बहुतेक लोक खाणीत नाहीतच. हिरे-दागिने उद्योगात मिळून चाळीस-पन्नास लाख लोक असल्याचा अंदाज सांगितला जातो. घडणावळ करणारे कारागीर, पॉलिशवाले, हॉलमार्किंग केंद्रातले तपासनीस, दुकानातले सेल्समन. खाणीतले काही हजार त्यापुढे किरकोळ वाटतात.

मग विदर्भात सोनं आहे का?

खुणा आहेत. साकोली पट्टा म्हणून ओळखले जाणारे फार जुने खडक नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या भागात पसरले आहेत. जीएसआयने नागपूर जिल्ह्यात परसोडी परिसरात सोन्याचा शोध घेतला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या खनिज परिषदेत तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्गमध्ये सोन्याचे ब्लॉक आढळल्याचं सांगितलं, तेव्हाही बराच गाजावाजा झाला होता.

पण "आढळलं" आणि "खाण सुरू झाली" यांच्या मध्ये चार पायऱ्या असतात. सरकारी भाषेत त्यांना जी-४, जी-३, जी-२ आणि जी-१ म्हणतात. जी-४ म्हणजे नुसती पाहणी, इथे काही असू शकतं एवढाच अंदाज. जी-३ मध्ये प्राथमिक शोध. जी-२ मध्ये ठरावीक अंतरावर ड्रिलिंग करून साठ्याचा अंदाज. जी-१ म्हणजे सविस्तर मोजमाप. यातले बरेचसे शोध मधेच थांबतात, कारण सोनं असतं पण परवडण्याइतकं नसतं.

प्रत्येक पायरीवर काम कुणाला मिळतं ते बघा. पहिल्या दोन पायऱ्यांत काही भूवैज्ञानिक, एक गाडी, नमुने उचलायला गावातले चार-सहा मजूर. ड्रिलिंग सुरू झालं की मशीनची टीम येते, ती बाहेरची असते. गावाला मिळतं ते चर खोदण्याचं, पेट्या वाहण्याचं, स्वयंपाकाचं आणि राखणीचं काम, तेही काही महिन्यांचं. कायम नोकरीचा प्रश्न येतो तो लिलाव, खाणपट्टा, पर्यावरण मंजुरी, जंगल असेल तर वनमंजुरी आणि अनुसूचित क्षेत्र असेल तर ग्रामसभेची प्रक्रिया, हे सगळं पार पडल्यावर.

म्हणूनच "सर्व्हे चालू आहे" या एका वाक्यावर जमीन विकणं किंवा विकत घेणं धोक्याचं. सर्व्हे हा शोध असतो, खाणीची घोषणा नसते.

पण खाणकामच करायचं असेल तर?

गंमत अशी की कुडव्याहून सोन्याची खाण दूर असली तरी खाणी दूर नाहीत. पन्नास किलोमीटरच्या आत बालाघाटजवळ भरवेलीला मॉयलची मँगनीजची खोल भूमिगत खाण आहे. भंडारा जिल्ह्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव. मॉयलचं मुख्यालय नागपुरात आणि वर्षाचं उत्पादन १७-१८ लाख टन मँगनीज. बालाघाट जिल्ह्यातच मलाजखंडला हिंदुस्थान कॉपरची देशातली सगळ्यात मोठी तांब्याची खाण आहे. उघड्या खाणीतून ती आता जमिनीखाली जात आहे. तिथल्या तांब्याच्या दगडात अगदी थोडं सोनंही असतं. म्हणजे गोंदियाकराला सोन्याच्या सगळ्यात जवळची मोठी खाण हवी असेल, तर ती तांब्याचीच निघते.

शिवाय देशाच्या खाण कारभारातली मोठी कार्यालयं नागपुरात आहेत. भारतीय खाण ब्युरो, खनिज अन्वेषण करणारी एमईसीएल, जीएसआयचं मध्य विभागाचं कार्यालय आणि राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय. गोंदियाहून रेल्वेने १३० किलोमीटरच्या आसपास. बेंगळुरूच्या पोराला हे जवळ नाही, आपल्याला आहे.

यात शिरण्याचे रस्ते ठरलेले आहेत. भूविज्ञानात एमएससी करून यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देता येते. नागपूरच्या व्हीएनआयटीत मायनिंग इंजिनीअरिंग शिकवतात. पदवी नको असेल तर डिप्लोमा आहे. आयटीआयचे फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक प्रत्येक खाणीला लागतात. आणि खाणीत पर्यवेक्षकाच्या कामाला खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीएमएसचं प्रमाणपत्र सक्तीचं असतं. इथे एक बारीक गोष्ट अनेकांना माहिती नसते. कोळसा खाणीचं प्रमाणपत्र वेगळं आणि धातूच्या खाणीचं वेगळं. वेकोलिसाठी मायनिंग सरदार आणि ओव्हरमन चालतं. मँगनीज, तांबं, सोनं अशा खाणींसाठी माइन मेट, फोरमन, ब्लास्टर ही प्रमाणपत्रं लागतात. कोर्सची फी भरण्याआधी हे विचारून घ्या.

अडचणी फक्त भारताच्या नाहीत

सोन्याच्या खाणीतला रोजगार घटण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण दक्षिण आफ्रिका आहे. १९८० च्या दशकात तिथल्या सोन्याच्या खाणींत पाच लाखांहून जास्त लोक होते. आता तो आकडा एक लाखाच्या आसपास आलाय. खाणी चार किलोमीटरपर्यंत खोल गेल्या, खर्च वाढला, सोनं कमी झालं. कोलारमध्ये जे झालं तेच, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणात.

काम गेलेले आणि शेजारच्या देशांतून आलेले बेरोजगार बंद खाणींत बेकायदा उतरायला लागले. जानेवारी २०२५ मध्ये स्टिलफाँटेनजवळच्या एका जुन्या खाणीतून ७८ मृतदेह बाहेर काढले गेले. पोलिसांनी अन्नपाण्याचा पुरवठा रोखल्यानंतर ते लोक आत अडकले होते. तिथल्याच जुन्या कामगारांनी सिलिकोसिससाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये सहा खाण कंपन्यांनी सुमारे पाच अब्ज रँड भरपाई द्यायचं मान्य केलं. तोपर्यंत यातले कितीतरी कामगार हयात नव्हते.

या सगळ्यातून आपल्यासाठी कामाचं काय? खाणीतल्या नोकरीचं आयुष्य खनिजाच्या साठ्याएवढंच असतं. त्यामुळे कुठलीही खाण येताना गावाने फक्त "किती जागा" एवढंच विचारलं तर फसगत होते. कायम किती आणि कंत्राटी किती? स्थानिकांना प्रशिक्षण खाण सुरू होण्याआधी की नंतर? धुळीची मोजणी कोण करणार, छातीची तपासणी दरवेळी होणार का? आणि खाण बंद झाली की पुढे काय?

शेवटच्या प्रश्नासाठी कायद्यात थोडी सोय आहे. २०१५ पासून खाणपट्टाधारकांना रॉयल्टीसोबत ठरावीक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे भरावी लागते. लिलावातून मिळालेल्या खाणीसाठी रॉयल्टीच्या १० टक्के, त्याआधीच्या खाणींसाठी ३० टक्के. हा पैसा बाधित गावांचं पाणी, आरोग्य, शिक्षण आणि कौशल्य प्रशिक्षण यांवर खर्च व्हायला हवा. त्याचा हिशोब ग्रामसभेत मागता येतो.

भरतीचा मेसेज आला तर काय तपासायचं?

पहिलं, कंपनीचं नाव आणि जाहिरात क्रमांक. जीएसआय, एमईसीएल, मॉयल, हिंदुस्थान कॉपर यांच्या जाहिराती त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर असतात. तिथे नसेल तर ती भरती नाही.

दुसरं, पैसे. परीक्षा शुल्क सोडलं तर सरकारी कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही. "डिपॉझिट", "मेडिकल", "युनिफॉर्म" या नावाने कुणी फोनवरून पैसे मागत असेल तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

तिसरं, खाण खरंच आहे का? खाणपट्टा कुणाला मिळालाय याची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म विभागात मिळते. माहिती अधिकारात अर्जही करता येतो.

चौथं, कंत्राटी काम असेल तर कंत्राटदाराचा परवाना, हजेरीची नोंद, पीएफ क्रमांक आणि खाणीत उतरण्याआधीचं प्रशिक्षण. प्रशिक्षण न देता खाणीत उतरवणं नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर कागदावर नाव नसलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाईसाठी वर्षानुवर्षं चकरा माराव्या लागतात.

थोडक्यात सांगायचं तर, उद्या विदर्भात सोन्याची खाण सुरू झालीच, तर तिच्यात नोकऱ्या शेकड्यात असतील, लाखात नाही. त्या मिळतील त्या आधीच प्रमाणपत्र हातात असलेल्यांना. आणि ते प्रमाणपत्र मँगनीज किंवा तांब्याच्या खाणीत आजही चालतं, त्यासाठी सोनं सापडायची वाट बघावी लागत नाही.